मध किती, अळ्या किती: नारळाच्या मित्रमाशा पाळताना अंड्यांचा हिशेब

माडाची खालची पानं करपल्यासारखी दिसायला लागली आणि झावळी उलटी करून पाहिल्यावर रेशीम-विष्ठेच्या जाळ्या सापडल्या, की समजायचं काळ्या डोक्याची अळी आली. चाळीस फुटी माडावर फवारा पोचत नाही, पोचला तरी परवडत नाही. म्हणून कोकणातल्या वाड्यांसाठी या अळीवर अंडी घालून तिला संपवणाऱ्या परोपजीवी माशा पाळून सोडण्याचा मार्ग जुना आणि खात्रीचा आहे. हल्ली कृषी पदवीधर आणि बचत गट घरच्या एका खोलीत हे काम सुरू करतात. त्यांची पहिली तक्रार जवळजवळ ठरलेली असते: माशा जिवंत आहेत, हिंडतात-फिरतात, पण अंडी घालत नाहीत. बहुतेक वेळा दोष माशांच्या वाणाचा नसतो. त्यांना खायला काय मिळालं आणि अंडी घालायला अळ्या कधी मिळाल्या, या दोन गोष्टींत तो सापडतो.

हे मार्गदर्शन दोन माशांपुरतं आहे: गोनिओझस नेफँटिडीस आणि ब्रॅकॉन ब्रेव्हिकॉर्निस. दोन्ही अळीवर वाढतात, दोन्ही तीन-चार मिलिमीटरच्या. गोनिओझस काळी, चपटी, पटकन पाहिली तर मुंगीच वाटेल अशी. ब्रॅकॉन पिवळसर-तपकिरी. तिच्या मादीच्या पोटामागे अंडी घालायची नळी स्पष्ट दिसते आणि नराच्या मिशा मादीपेक्षा चांगल्याच लांब असतात. माणसाला दोघींचा त्रास नाही.

आधी पोटात काय चालतं ते समजून घ्या

काही परोपजीवी माशा कोशातून बाहेर येतानाच बहुतेक अंडी तयार घेऊन येतात. ट्रायकोग्रामा ही दुसरी मित्रमाशी त्या बाजूची. तिला मध मिळाला तर ती जास्त दिवस जगते आणि आहेत ती अंडी घालून संपवते. गोनिओझस आणि ब्रॅकॉन दुसऱ्या जातीच्या. त्या बाहेर येतात तेव्हा पोटात तयार अंडी नसतात किंवा अगदी थोडी असतात. पुढे आयुष्यभर खातील तशी अंडी पिकत जातात. म्हणजे इथे मादीचा आहार हाच अंड्यांचा कच्चा माल.

हा माल तीन ठिकाणांहून येतो.

पहिली शिदोरी बालपणाची. माशीची अळी यजमान अळीवर वाढताना चरबी साठवते. प्रौढ झाल्यावर बहुतेक परोपजीवी माशांना साखरेपासून पुरेशी चरबी बनवता येत नाही, त्यामुळे ही शिल्लक पुन्हा भरून निघणं अवघड. बारकुड्या अळीवर वाढलेली मादी जन्मभर गरीबच राहते, मग तिला कितीही मध पाजा.

दुसरा स्रोत मध. त्यात साखर आहे, ताकद आहे. मादी जगते, उडते, अळी शोधते. पण अंड्याच्या बलकाला लागणारं प्रथिन मधात नगण्य असतं.

तिसरा स्रोत अळीच. मादी अळीला डंख मारून लुळी करते आणि त्या भोकातून येणारं द्रव चाटते. हे भिंगाखाली नीट दिसतं: डंख मारून झाला की ती वळते, तोंड त्या जागी लावते आणि मिशा हलवत तिथेच रेंगाळते. नवशिक्याला वाटतं मादी वेळ घालवतेय. खरं तर पुढच्या अंड्यांचं प्रथिन तिथून येत असतं. म्हणून अळी ही तिची बाळंतखोलीही आहे आणि जेवणही.

आता अळी मिळालीच नाही तर? पिकलेली अंडी पोटात कायम राखून ठेवता येत नाहीत. मादी ती हळूहळू विरघळवून शरीरात परत घेते आणि त्यावर जगण्याची वेळ वाढवते. यात सगळा माल परत मिळत नाही, थोडी तूट येतेच. नंतर अळ्या दिल्या तरी पहिल्या दिवशी अंडी कमी पडतात. तिला आधी चाटायला, मग पिकवायला वेळ लागतो. “मध तर रोज देतो, तरी अंडी नाहीत” याचं उत्तर एवढंच आहे.

कॉर्सिराच्या अळ्या: इथे कंजूषपणा नको

नारळाची अळी वर्षभर हव्या त्या संख्येने मिळत नाही, म्हणून माशा कॉर्सिरा या धान्यातल्या पतंगाच्या अळ्यांवर वाढवतात. माशांची खोली सुरू करण्याच्या किमान दीड महिना आधी कॉर्सिरा सुरू झालेली असली पाहिजे. बहुतेक जण उलटं करतात: आधी माशा आणतात, मग अळ्यांसाठी धावाधाव.

एका पेटीचं प्रमाण असं:

- भरडलेली बाजरी अडीच किलो. दाण्याचे दोन-तीन तुकडे व्हावेत, पीठ नको. पिठात हवा खेळत नाही आणि गोळे होतात.
- शेंगदाण्याचा भरडा १०० ग्रॅम.
- यीस्ट पावडर ५ ग्रॅम.
- पाण्यात मिसळणारं गंधक ५ ग्रॅम. हे कोळी, म्हणजे माइट्स, होऊ नयेत म्हणून.
- ०.०५ टक्के स्ट्रेप्टोमायसिनचं द्रावण १० ते २० मिलि, फवारून.
- कॉर्सिराची अंडी अर्धा सीसी.

बाजरी भरडून १०० अंशांवर अर्धा तास भाजून पूर्ण गार करून घ्या, मग बाकी सगळं मिसळा आणि अंडी सर्वांत शेवटी वरून भुरभुरा. पेटी साधारण ४५ बाय ३० बाय १० सेंटीमीटरची, झाकणाला बारीक जाळी. एक सीसीत सोळा ते अठरा हजार अंडी बसतात, तेव्हा अर्ध्या सीसीपेक्षा जास्त टाकायचा मोह आवरा. दाटीत वाढलेल्या अळ्या लहान राहतात आणि वर सांगितलेली बालपणाची शिदोरी तिथेच कमी पडते.

बाजरी कोकणात पिकत नाही, घाटावरून येते, आणि दुकानदाराने गोदामात विषारी गोळी ठेवलेली असेल तर तुमच्या अळ्या पहिल्याच आठवड्यात मरतात. नवीन पोतं आलं की आधी वाटीभर बाजरीत चिमूटभर अंडी टाकून आठ-दहा दिवस बघा. अळ्या चालल्या तरच पोतं वापरा.

पंचवीस ते तीस दिवसांत अळ्या कामाच्या होतात. पूर्ण वाढलेली अळी दीड सेंटीमीटरच्या आसपास, मळकट पांढरी, टुमटुमीत. अळ्यांसाठी आणि पतंगांसाठी पेट्या वेगळ्या ठेवा. ज्या पेटीतून अळ्या उपसता तिच्यातून पुढच्या पिढीची अंडी मिळणार नाहीत. दर आठवड्याला एक नवी पेटी भरली तर अळ्यांची साखळी तुटत नाही. ती तुटली की वरचं अंडी विरघळण्याचं चक्र सुरू होतं. पतंग काढताना नाकातोंडावर मास्क हवाच, पंखांवरच्या खवल्यांची धूळ दम लावते.

आणि एक नियम मोडायचा नाही: ब्रॅकॉन आणि कॉर्सिरा एका खोलीत ठेवू नका. चार माद्या निसटून पेटीत शिरल्या की आतल्या अळ्या लुळ्या पडतात आणि महिन्याभराची मेहनत जाते. माशांच्या खोलीत काम केलेल्या कपड्यांनी कॉर्सिराच्या खोलीत जाणंही टाळा. दिवसाची सुरुवात कॉर्सिरापासून, शेवट माशांकडे.

मध देण्याची पद्धत

निम्मा मध, निम्मं उकळून गार केलेलं पाणी. सातेरी मधमाशीचा मध मुळातच पातळ असतो, त्यात पाणी थोडं कमी घाला. बाजारातला स्वस्त मध घेऊ नका असं आमचं मत आहे, कारण त्यात काय आहे ते कळत नाही. तसा मध हाती आला तर त्यापेक्षा घरचा साखरेचा पातळ पाक बरा. गूळ नको, तो लवकर आंबतो.

थेंब देऊ नका. थेंबात माशी पाय रोवते, पंख चिकटतात आणि मरते. ट्रेसिंग कागदाची सेंटीमीटरभर रुंद पट्टी कापा, काडीने तिच्यावर तीन-चार बारीक रेघा ओढा, रेघ दिसली न दिसली अशी. ती पट्टी नळीत सरकवा. मोठ्या बरणीत कापसाचा बोळा भिजवून, पिळून, झाकणाला आतून लटकवता येतो. पिळणं महत्त्वाचं.

पट्टी किती दिवसांनी बदलायची हे ऋतूवर ठरतं. डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस चालते. जून ते सप्टेंबर रोज बदला. पावसाळ्यात मध हवेतलं पाणी ओढतो, पातळ होतो, आंबतो आणि दुसऱ्या दिवशी कडेला बुरशीची लव दिसते. आंबलेल्या मधावर माशा बसत नाहीत, म्हणजे मध दिलेला असूनही त्या उपाशीच असतात. पातळ केलेला मध फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. खोलीचं तापमान २६ ते २८ अंश, आर्द्रता ६० ते ७० टक्के असावी. पावसाळ्यात ती नव्वदीवर जाते, तेव्हा डिह्युमिडिफायर नसेल तर निदान नळ्यांना कापसाऐवजी मलमलचं कापड बांधा, म्हणजे आत दव धरत नाही. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांना मधही आवडतो आणि लुळ्या अळ्याही.

ब्रॅकॉन: पायऱ्या

१. कोशातून निघालेल्या माशा एक दिवस मध देऊन एकत्र ठेवा, दोन-तीन माद्यांमागे एक नर. जुळणी न झालेली मादीही अंडी घालते, पण त्यातून फक्त नर निघतात. ही चूक दहा-बारा दिवसांनी कळते, तोवर पिढी गेलेली असते.

२. कंदिलाची काच किंवा रुंद तोंडाची पारदर्शक बरणी घ्या. आत पंधरा-वीस माद्या, वरच्या प्रमाणात नर आणि मधाची सोय.

३. तोंडावर मलमलचं कापड ताणून रबर लावा. त्यावर वीस-पंचवीस पूर्ण वाढलेल्या अळ्या पसरा आणि वरून दुसरं कापड ताणून दुसरं रबर. अळ्या दोन कापडांत अडकल्या पाहिजेत, चेपल्या जाता कामा नयेत.

४. बरणीचा खालचा भाग काळ्या कापडाने झाका. माशा उजेडाकडे, म्हणजे अळ्यांकडे, वर येतात आणि कापडातून डंख मारून अंडी घालतात.

५. चोवीस तासांनी अळ्या काढून घड्या घातलेल्या टिश्यू पेपरवर प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, आणि बरणीवर लगेच ताज्या अळ्या लावा. एक दिवसही खाडा नको.

६. दहा-बारा दिवसांत नवी पिढी.

किती अळ्या लावायच्या, यावर बरंच अवलंबून आहे. कमी लावल्या तर एकेका अळीवर अंड्यांची गर्दी होते. सगळी पिल्लं अर्धपोटी राहतात, काही मरतात आणि जगलेल्या माद्या इतक्या बारीक निघतात की पुढच्या पिढीत अंडी आणखी घटतात. म्हणजे आजच्या काटकसरीची किंमत दोन आठवड्यांनी मोजावी लागते. जास्त लावल्या तर नुकसान वेगळं: ब्रॅकॉन जितक्या अळ्यांवर अंडी घालते त्यापेक्षा जास्त नुसत्या डंखून लोळवते. वाडीत हा गुण सोन्यासारखा आहे, प्रयोगशाळेत मात्र अळ्या फुकट जातात. सुरुवातीला मादीमागे दिवसाला एक ते दोन अळ्या धरा आणि मोजणी करून आपला आकडा बसवा.

ब्रॅकॉनची आणखी एक गाठ: भाऊबहिणींची जुळणी तिला सोसत नाही. या कुळात नर-मादी ठरवणारा एक जनुक आहे. त्याच्या दोन्ही प्रती सारख्या आल्या तर फलित अंड्यातूनही नर होतो, आणि असे गर्भ बहुतेक मरतात. व्हाइटिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये ब्रॅकॉनच्याच कुळातल्या माशीवर हे उलगडलं. व्यवहारात याचा अर्थ: चार-पाच माद्यांवरून कळप वाढवू नका. पुष्कळ डब्यांतल्या माशा एकत्र मिसळा आणि अधूनमधून वाडीतून किंवा दुसऱ्या प्रयोगशाळेतून नव्या आणा. अंडी दिसतात पण फुटत नाहीत आणि नर वाढत चाललेत, असं झालं तर मधाला दोष देण्याआधी इथे बघा. (ब्रॅकॉनच्या एका बहिणीला १९६७ मध्ये अमेरिकेने बायोसॅटेलाइट-२ यानातून अवकाशातही नेलं होतं. अंड्यांच्या अभ्यासासाठी ती इतकी सोयीची आहे.)

गोनिओझस: घाई करू नका

ब्रॅकॉनची सवय लागलेला माणूस गोनिओझसला वैतागतो. ही मादी निघाल्यावर काही दिवस अंडीच घालत नाही. पाच-सहा दिवस मध देऊन, नरांसोबत ठेवून तिला पिकू द्या. भावंडांतली जुळणी इथे चालते. नर थोडे आधी निघतात, संख्येने अगदी थोडे असतात, आणि आपल्या बहिणींशीच जुळतात. एका अळीवरच्या घोळक्यात एखाददुसरा नर दिसला तर ती चिंतेची गोष्ट नाही.

साडेसात बाय अडीच सेंटीमीटरच्या काचेच्या नळीत एक मादी, एक अळी, एक मधाची पट्टी. एकच मादी. दोन ठेवल्या तर अळीसाठी भांडतात आणि अंडी दोघींची जातात. मादी अळीला लुळी करते, चाटते, एक-दोन दिवसांनी तिच्या अंगावर अंडी मांडते आणि मग तिथेच राखण करत बसते. कॉर्सिराच्या चांगल्या अळीवर साधारण आठ-बारा अंडी धरा. हा आकडा मादीच्या मर्जीपेक्षा अळीच्या वजनावर ठरतो. मोठी अळी दिली तर मादी जास्त अंडी घालते, लहान दिली तर आपणहून हात आखडते. म्हणून नळ्या भरताना अळ्या हाताने निवडा, पेटीतून चमच्याने उपसू नका.

अंडी घातल्यावर मादीला हलक्या ब्रशने काढून एक-दोन दिवस मधावर विश्रांती द्या आणि नव्या अळीवर लावा. अंडी दिसण्याआधी मात्र नळी हलवू-उघडू नका. वारंवार डोकावल्याने मादी अळी सोडते. चौथ्या दिवसापर्यंत अंडी नसतील तर अळी बदला. तोवर ती काळी पडलेली किंवा कोशात गेलेली असते. अंड्यापासून प्रौढ माशीपर्यंत सुमारे दोन आठवडे.

एका एकरात साडेसात मीटरवर लावलेले सत्तर माड धरले आणि माडामागे २० माशा, तर १४०० माशा लागतात. अळीमागे आठ निघाल्या तर पावणेदोनशे नळ्या यशस्वी व्हायला हव्यात. नवशिक्याने अडीचशे भराव्यात. ८० माद्या तीनदा वापरल्या की हे जमतं, पण तिन्ही वेळा अळ्या तयार असल्या तरच.

स्वतःच्या खोलीत करून बघायची चाचणी

पुस्तकातला आकडा तुमच्या खोलीला लागू होईलच असं नाही. एकदा ही चाचणी ब्रॅकॉनवर करा. ४० नळ्या लागतात, दोन आठवडे लागतात.

एकाच दिवशी निघालेल्या, जुळणी झालेल्या, दिसायला सारख्या आकाराच्या ४० माद्या घ्या. प्रत्येक नळीत एक. दहा-दहाचे चार गट:

- अ: मध आणि रोज दोन ताज्या अळ्या.
- आ: मध, पण पहिले सहा दिवस अळी नाही. सातव्या दिवसापासून रोज दोन.
- इ: फक्त ओला कापूस आणि रोज दोन अळ्या.
- ई: फक्त ओला कापूस.

रोज ठरलेल्या वेळी जुन्या अळ्या काढून दहापट भिंगाखाली अंडी मोजा. अंडी पांढरी, लांबट, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. अळीच्या खालच्या बाजूला, घडीत आणि नळीच्या काचेवरही पडलेली असतात. वहीत पाच रकाने: नळी क्रमांक, दिवस, अंडी, लुळ्या अळ्या, मादी जिवंत की मेली. मेलेल्या मादीपुढे शून्य लिहीत चला. फक्त जगलेल्यांची सरासरी काढली तर उपाशी गट उगाच चांगला दिसतो. हिशेबात सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. शेवटी दोन आकडे काढा: मादीमागे एकूण अंडी आणि मादीमागे जगलेले दिवस.

काय दिसेल? ई गट थोड्याच दिवसांत संपतो. इ गट सुरुवातीला तुम्हाला चकवतो: अळीचं द्रव मिळतं, अंडीही पडतात, पण माद्या लवकर मरतात आणि एकूण बेरीज मागे राहते. आ गट खूप जगतो. सातव्या दिवशी अळ्या मिळाल्यावर मात्र अंडी एकदम उसळत नाहीत, हळूहळू चढतात. अ गट रोज देत राहतो. आ गटाचा सातवा ते दहावा दिवस अ गटाच्या पहिल्या चार दिवसांशेजारी ठेवून बघा. अळ्यांची साखळी तुटल्यावर काय किंमत पडते ते तुमच्याच आकड्यांत दिसेल.

आ गटात खरंच अंडी विरघळतात का, हे पाहायचं असेल तर याच पद्धतीने थोड्या जादा माद्या ठेवा आणि दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या दिवशी दोन-तीन उघडून बघा. मादी दहा-पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब (लिटरला ९ ग्रॅम मीठ) घेऊन त्यात ती पाठीवर ठेवा. एका सुईने कंबर दाबून धरा, दुसरीने पोटाचं टोक अलगद मागे ओढा. अंडाशय बाहेर येतो. ब्रॅकॉनला दोन्ही बाजूंना दोन-दोन अशा चार नळ्या असतात. बुडाशी भरीव, पांढरी, गुळगुळीत अंडी दिसली तर ती पिकलेली. सुरकुतलेली, पिवळट, कडा पुसट झालेली असतील तर ती परत विरघळायला लागली आहेत. पहिल्या दोन-तीन माद्या फाटतीलच, त्या मोजणीत धरू नका. काम पटापट करा, थेंब सुकला की काही दिसत नाही.

माशा शिल्लक पडल्या तर

वाडीवाल्याने आठवडाभर उशीर केला आणि माशा तयार आहेत, हा प्रसंग नेहमीचा. नुसत्या मधावर त्या जगतील, पण सोडल्यावर पहिले दिवस अंड्यांशिवाय जातील, आणि उंच माडावर पहिले दिवसच मोलाचे असतात. त्यापेक्षा खोली थोडी थंड ठेवा, मध चालू ठेवा आणि मधे एक-दोनदा काही तासांसाठी अळ्या चाटायला द्या. काही अळ्या वाया जातील, जाऊ द्या.

वाडीत सोडताना

झावळ्या तपासल्याशिवाय एकही नळी उघडू नका. नारळाच्या या अळीची पिढी दोन महिन्यांच्या आसपास चालते, त्यात अळीची अवस्था चाळीसेक दिवसांची आणि कोशाची बाराएक. अनेकदा एका वाडीतल्या अळ्या एकाच वयाच्या असतात. तुम्ही गेलात तेव्हा सगळ्या कोशात असतील तर गोनिओझस आणि ब्रॅकॉन दोघींना काही मिळत नाही, आणि तुम्ही प्रयोगशाळेत टाळलेली उपासमार वाडीत होते. बाहेरच्या वळणातल्या दहा झावळ्यांवरच्या जाळ्या उघडून बघा. तिसऱ्या अवस्थेच्या (दोनदा कात टाकलेल्या) आणि त्यापुढच्या अळ्या जास्त असतील तरच सोडा. कोश जास्त असतील तर पुढच्या अळ्या मोठ्या होईपर्यंत थांबा. त्या वाडीत नुकतीच फवारणी झालेली असेल तर माशा नेऊच नका.

सोडण्याच्या आदल्या दिवशी माशांना भरपूर मध द्या आणि त्यांच्या डब्यात ताज्या जाळ्यांचे, विष्ठेसह, तुकडे ठेवा. त्या वासाची ओळख झालेल्या माशा माडावर अळी लवकर शोधतात. माडामागे गोनिओझस २० किंवा ब्रॅकॉन ३०, म्हणजे हेक्टरी पावणेदोनशे माडांना गोनिओझस साडेतीन हजार. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पाऊस नसताना सोडा. नळी कापूस काढून खोडाला बांधली तर मुंग्या आधी पोचतात. शक्य असेल तर पाडेल्याबरोबर वर पाठवून झावळ्यांच्या बगलेत सोडा.

माडाची पोय वर्षभर फुलते, त्यामुळे वाडीत मधुरस अगदीच नसतो असं नाही. तरी खाली तुळस, झेंडू, तीळ असं काही फुलत ठेवा आणि तणनाशकाने सगळं जाळून टाकू नका. अळीग्रस्त झावळ्या कापल्यात तर लगेच पेटवू नका. आधी जाळ्या उघडून बघा, आत माशांचे कोश असतील तर त्या झावळ्या वाडीतच सावलीत आठवडाभर ठेवा.

बीजकळप हवा असेल तर रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रात, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात किंवा बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे चौकशी करा. माशा हातात येण्याच्या दिवशी कॉर्सिराची अळ्यांसाठी राखलेली पहिली पेटी पंचवीस दिवसांची झालेली असावी, त्या हिशेबाने मागणी नोंदवा.